पाय ओढतो, पण आजार वाढलेला नसतो

एप्रिलमध्ये आमच्या शेजारच्या काकू नागपूरच्या सेमिनरी हिल्सला सकाळी फिरायला गेल्या. वीसेक मिनिटांनी उजव्या पायातली चप्पल डांबरावर घासू लागली, समोरची पाटी पुसट दिसू लागली. काकूंना मल्टिपल स्क्लेरॉसिस, म्हणजे एमएस आहे. मुलाने त्याच दिवशी फिरणं बंद केलं. "आई, आजार वाढतोय, आता आराम कर." सावलीत बसल्यावर अर्ध्या तासात सगळं पूर्ववत झालं होतं, हे मात्र कोणी लक्षात घेतलं नाही.

एमएसमध्ये आपलीच प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या चेतातंतूंवरचं मायलिनचं वेष्टण कुरतडते. या वेष्टणात ठरावीक अंतरावर उघड्या जागा असतात, त्यांना रॅनव्हिएरच्या गाठी म्हणतात. संदेश एका गाठीवरून दुसरीवर उड्या मारत जातो. गाठीवर सोडियमची दारं उघडतात, सोडियमचे धनप्रभारित आयन आत घुसतात आणि त्या प्रवाहाच्या धक्क्याने पुढच्या गाठीवरची दारं उघडतात. निरोगी तंतूत हा प्रवाह गरजेच्या कितीतरी पट असतो. वेष्टण गेलं की तो वाटेतच झिरपतो आणि पुढे जेमतेम पुरेल इतकाच पोचतो. अशा वेळी अंग तापलं की दारं उघडून लवकर मिटतात, आत शिरणारा सोडियम कमी पडतो आणि संदेश तिथेच अडतो. त्याला अर्धा अंश सेल्सिअसची वाढही पुरते. स्नायू वापरतात त्या ऊर्जेपैकी सुमारे तीन चतुर्थांश उष्णताच होते, म्हणून नुसतं चालणंही भोवतं. अंग निवलं की तोच तंतू पुन्हा संदेश नेतो, कारण तो तुटलेला नसतो.

ऊटहोफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने 1890 मध्ये श्रमानंतर रुग्णांची दृष्टी मंदावते असं नोंदवलं आणि दोष श्रमाला दिला. खरी गुन्हेगार उष्णता आहे हे पुढे कळलं, पण तोवर "व्यायाम टाळा" हा सल्ला पक्का रुजला होता.

एमएसमधला व्यायाम म्हणजे उष्णतेचा हिशेब. एक ग्रॅम पाणी वाळताना सुमारे 2400 ज्यूल उष्णता घेऊन जातं. मे महिन्यात नागपूरची हवा कोरडी असते, म्हणून मानेवरचा ओला दुपट्टा आणि कूलरसमोरची सायकल चांगली कामी येते. पावसाळ्यात दमट हवेत ही युक्ती फसते, तेव्हा आधी थंड पाण्याने अंघोळ करावी.

सौम्य ते मध्यम आजारात आठवड्यातून दोनदा अर्धा तास दम लागेल असा व्यायाम आणि दोनदा ताकदीचा, असं मार्गदर्शन आहे. दहा-दहा मिनिटांचे तुकडे केले तरी चालतं. त्याने ताकद, चालणं आणि थकवा सुधारतो. मायलिन परत आणतो म्हणणारे अंगारे आणि "स्टेम सेलने शंभर टक्के बरे" अशा जाहिराती या दोन्हींपासून दूर राहा. तोल जात असेल तर फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीत, कठड्याला धरून सुरुवात करा. नवं लक्षण चोवीस तासांहून जास्त टिकलं तर ते उष्णतेचं समजू नका, न्यूरॉलॉजिस्टला दाखवा.

काकू आता साडेपाचला निघतात. पिशवीत ओला दुपट्टा असतो, आणि चप्पल घासायला लागली की त्या बाकावर बसतात.