कायद्याचा अंदाज आणि मधला माणूस

कॉलेज रोडवरच्या अभ्यासिकेत एका मुलीने विचारलं, "अमेरिकेतलं कुठलं राज्य गर्भपातावर कसा कायदा करणार, हे आधी सांगता येतं का?" शेजारचा मुलगा म्हणाला, "सर्व्हे बघायचा." हा समज सगळीकडे आहे आणि तो अपुरा आहे.

२४ जून २०२२ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताला घटनात्मक संरक्षण देणारा १९७३चा 'रो विरुद्ध वेड' निकाल रद्द केला आणि प्रश्न राज्यांकडे गेला. १३ राज्यांनी बंदीचे कायदे आधीच करून ठेवले होते. तिथे अंदाज कसला बांधायचा? बाकी ठिकाणी उपयोगी पडतं ते अर्थशास्त्रज्ञ डंकन ब्लॅक यांनी १९४८मध्ये मांडलेलं मधल्या मतदाराचं तत्त्व.

समजा, पाच मित्र नाशिकच्या एका रस्त्यावर ओळीने त्र्यंबक, सातपूर, सीबीएस (मधला बसस्टँड), द्वारका आणि नाशिकरोडला राहतात. भेटायचं कुठे, यावर मतदान घेतलं आणि प्रत्येकाने आपल्याला जवळचं ठिकाण निवडलं, तर कुठल्याही ठिकाणासमोर सीबीएसच जिंकतं. त्र्यंबकचा मित्र उद्या जव्हारला राहायला गेला, तर अंतरांची सरासरी हलेल. निकाल मात्र तोच. टोकाचा माणूस कितीही ओरडला तरी निर्णय मधल्याच्या हातात!

सभागृहातही आमदारांना पूर्ण बंदीपासून पूर्ण मुभेपर्यंत एका रेषेवर बसवता येतं. नेहमी सोबत मत देणारे जवळ, विरुद्ध देणारे लांब. संगणक त्यांना तोवर सरकवत राहतो, जोवर जुन्या मतदानाशी जास्तीत जास्त मेळ बसत नाही.

राज्यपालाने नकाराधिकार वापरला, तर निर्णायक जागा सरकते. उत्तर कॅरोलायनात तो मोडायला तीन-पंचमांश मतं लागतात; कनिष्ठ सभागृहात १२० जण हजर असतील तर ७२. एप्रिल २०२३मध्ये आमदार ट्रिशिया कॉथम डेमोक्रॅटिक पक्ष सोडून रिपब्लिकन पक्षात गेल्या, रिपब्लिकन बरोबर ७२ झाले, आणि मे महिन्यात १२ आठवड्यांच्या मर्यादेचा कायदा तिथे ७२ विरुद्ध ४८ने नकाराधिकार मोडून मंजूर झाला. त्या एका जागेचं ज्ञान कुठल्याही सर्व्हेपेक्षा जास्त सांगून गेलं.

उलट, कॅन्ससमध्ये विधिमंडळाने मांडलेली गर्भपातविरोधी घटनादुरुस्ती ऑगस्ट २०२२च्या सार्वमतात सुमारे ५९ टक्के मतदारांनी फेटाळली. सभागृहाचा मधला आणि जनतेचा मधला एकच नसतो.

पत्रिका मांडून सांगितलेल्या भाकितांची चूक कोणी मोजत नाही. इथे प्रत्येक चुकलेलं मत मोजता येतं, म्हणून मला ही पद्धत प्रिय आहे.

भारतात मात्र १९८५च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे पक्षादेश मोडला तर सदस्यत्वच जाऊ शकतं. काही गटांसाठी गर्भपाताची मर्यादा २४ आठवड्यांवर नेणारी २०२१ची दुरुस्ती राज्यसभेत आवाजी मतदानाने मंजूर झाली. कोणाचं मत काय, याची नोंदच नाही. म्हणून त्या मुलीला सांगितलं, आपल्याकडे आधी एवढंच बघ: विधेयक सरकारचं आहे का, आणि सरकारकडे जागा किती.