बंब रिकामा येत नाही
सांगलीत कुठंही आग लागली की गर्दीतून एक वाक्य हमखास ऐकू येतं: "बंब आला, पण पाण्याशिवाय!" लहानपणापासून मीही हे खरं मानत होतो. ते चूक आहे.

अग्निशमन केंद्रात गाडी उभी असते ती टाकी भरूनच. आगीच्या वर्दीवरून (बोलावण्यावरून) परतली की आधी पाणी भरतात, मग बाकीचं. मग पाणी जातं कुठं? साध्या बंबात साधारण ४,५०० लिटर पाणी मावतं. दाबाखाली एक मोठी धार मिनिटाला ४०० ते ५०० लिटर फेकते. दोन धारा सुरू असतील तर पाच मिनिटांत टाकी तळाला. मग पाईप चपटा पडतो, जवान तो गुंडाळायला लागतो आणि नेमकं तेवढंच लोक बघतात. तो पाणी भरायला निघालेला असतो, पळून नव्हे.

मोठी टाकी का नाही? ४,५०० लिटर म्हणजे साडेचार टन नुसतं पाणीच. गणपती पेठेसारख्या भागात, दोन्ही बाजूंना लावलेल्या दुचाकींमधून त्याहून मोठी गाडी वळवणार कशी? खरा वेळ तिथंच जातो. गाड्या हटवताना ड्रायव्हरच्या कपाळावरचा घाम मी जवळून पाहिलाय, आणि त्याच वेळी मागून त्याला पडणाऱ्या शिव्याही ऐकल्यात. फार वाईट वाटलं.

१०१ लावाल तेव्हा पत्त्यासोबत जवळची विहीर, बोअर किंवा मोठी टाकी कुठं आहे तेही सांगा.