पाउंड, पाँड आणि आमची कोंड

गुहागरजवळ कोंडकारूळ, संगमेश्वर तालुक्यात कोंडउमरे, कोंडअसुर्डे. एसटीच्या पाट्यांवर ‘कोंड’ वाचतच आम्ही मोठे झालो. आमच्याकडे वाडीला कोंड म्हणतात आणि नदीतल्या खोल डोहालाही. मोल्सवर्थच्या १८५७ च्या मराठी-इंग्रजी कोशात तर शेताभोवतीचं गोल कुंपण, गोट्यांचं रिंगण आणि बंदिस्त जागा हे अर्थही याच शब्दाखाली आहेत.

दुसऱ्याच्या तरव्यात (भाताच्या रोपांत) जनावर शिरलं की ते कोंडवाड्यात जायचं. दंड भरून सोडवून आणावं लागे. यामागे १८७१ चा गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा. त्यात कोंडवाड्याला इंग्रजी शब्द आहे ‘पाउंड’.

हा पाउंड वजनाचा किंवा पैशाचा नव्हे. वजनाचा नि पैशाचा पाउंड लॅटिनमधल्या वजनाच्या शब्दावरून आला. गुरांचा पाउंड जुन्या इंग्रजीतल्या ‘पुंड’चा वंशज. तिथे ‘न्ड’च्या आधीचा ऱ्हस्व ‘उ’ लांबून ‘ऊ’ झाला आणि पंधराव्या शतकानंतर इंग्रजीतले असे दीर्घ ‘ऊ’ हळूहळू ‘आउ’ होत गेले. ‘हूस’चं ‘हाउस’ झालं ते याच ओघात.

मला खरा आनंद झाला तो पुढचं कळल्यावर. तळ्याला इंग्रजीत ‘पाँड’ म्हणतात, तो याच पाउंडचा दुसरा उच्चार! १३०० च्या सुमारास तो वापरात आला, बांध घालून अडवलेल्या पाण्यासाठी. कालव्यात बोटी चढवायला-उतरवायला बांधलेल्या दोन ‘लॉक’च्या मधल्या पाण्याच्या टप्प्याला तर इंग्रज आजही ‘पाउंड’च म्हणतात. धरणात पाणी साठवणं म्हणजे ‘इम्पाउंड’ करणं, आणि पुरेसा मुद्रांक नसलेला दस्त कचेरीत अडकवून ठेवणं हेही ‘इम्पाउंड’च. मुद्रांकाच्या १८९९ च्या कायद्यात हाच शब्द आहे.

कोंड आणि पाउंड यांचं रक्ताचं नातं नाही, कुणी कुणाकडून उसनंही घेतलेलं नाही. तरी दोन्ही शब्दांत कुंपण आणि पाणी एकत्र आलं. मला यात शेतकऱ्याची नजर दिसते. त्याला गुरं आणि पाणी दोन्ही राखायची असतात. गुरांना वई (कुंपण) घालायची, पाण्याला बांध. खाडीकाठच्या खाजणात (बांध घालून राखलेल्या खारजमिनीत) उघाडी, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, बसवणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही: भरतीचं खारं पाणी बाहेरच राखायचं.

तुरुंग, जप्ती, वाहतुकीची कोंडी हे सगळं त्यानंतरचं. आमच्या नदीची कोंड मे महिन्यातही आटत नाही. गुरं अजून तिथेच पाण्यावर येतात.