नर्सबाईच्या पिशवीतली गोळी: बेळगाव सीमाभागातल्या बाळंतपणांची पार्श्वभूमी

खानापूरच्या जंगलपट्ट्यात काय किंवा निपाणी-चिकोडीकडच्या तंबाखूच्या गावांत काय, दोन पिढ्यांपूर्वी बाळंतपण घरीच व्हायचं, गावच्या सुईणीच्या हातून. तिच्या हातात अनुभव होता, पण वार पडल्यावर रक्त थांबेना, की तिचाही इलाज संपायचा. गर्भाशय आवळून आलं नाही तर बाई दोन तासांतही जाऊ शकते. तेवढ्या वेळात बैलगाडी तालुक्याला पोचायची नाही.

यावरचं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन थंड जागी ठेवावं लागतं आणि ते टोचायला शिकलेला माणूस लागतो. त्याच कामाच्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळीला यातलं काही लागत नाही. मग ही गोळी खेड्यात चालेल का? याची तपासणी २००२ ते २००५ या काळात बेळगाव जिल्ह्यातच झाली. इथल्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी परदेशी सहकाऱ्यांसोबत अभ्यास उभा केला, पण प्रत्यक्ष काम केलं ते प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या नर्सबाईंनी, घरोघरी आणि उपकेंद्रांत. १,६२० बाळंतिणींपैकी निम्म्यांना मिसोप्रोस्टॉल दिलं, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. औषध न मिळालेल्यांत १२ टक्के बायकांना जास्त रक्तस्राव झाला, औषध मिळालेल्यांत ६.४ टक्क्यांना. निकाल २००६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने याच कामासाठी ही गोळी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. या निर्णयामागे आपल्या नर्सबाईंचे कष्ट आहेत, आणि जिल्ह्यातल्या शाळकरी मुलांनाही ते ठाऊक असायला हवेत.

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं, त्यातून गावोगावी आशाताई आल्या आणि जननी सुरक्षा योजनेमुळे बाळंतपणं दवाखान्याकडे वळली. २००८ पासून कर्नाटकात १०८ ची गाडी धावू लागली. राज्यात दर लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू २००४-०६ मध्ये २१३ होते, २०१८-२० मध्ये ६९ झाले. त्याच वेळी शेजारच्या महाराष्ट्रात मात्र ते ३३ होते.

सीमाभागाची अडचण थोडी वेगळी आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेने जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, पण सोयरिका काही थांबल्या नाहीत. खानापूरच्या सुनेचं माहेर महाराष्ट्रातल्या चंदगडला असतं, पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत आहे. नोंद, तपासण्या, तायी कार्ड (गरोदरपणातल्या नोंदींचं सरकारी कार्ड) इकडचं आणि प्रसूती तिकडची. कार्डावरचं कन्नड तिला वाचता येत नाही आणि तिकडच्या डॉक्टरलाही बहुधा येत नाही. आधीच्या तपासणीत रक्त किती होतं, दाब किती होता, हे मग तिच्या आठवणीवरच. हे कार्ड मराठीतही छापणं काही अवघड नाही. भाषेच्या वादात बाळंतिणीला ओढू नये, असं मला मनापासून वाटतं.

घरात जाऊन बोलायचं तर घरचीच बोली लागते. रक्तवाढीच्या गोळ्यांनी मूल मोठं होतं आणि बाळंतपण अडतं, असं सासू म्हणते तेव्हा कन्नड पत्रकाचा उपयोग नसतो. गावातलीच आशाताई ओट्यावर बसते, सासूलाच विचारते, “मामी, गेल्या खेपेला हिला चक्कर आली होती, आठवतंय का?” आणि गोळी सुरू होते. भीमगड अभयारण्यातल्या आमगावसारख्या गावातून पावसाळ्यात आजारी माणसाला खांद्यावरून रस्त्यापर्यंत आणावं लागतं. तिथे नुसता १०८ ला फोन लावून भागत नाही. तारीख पावसात येत असेल तर बाईला आधीच खानापुरात नातेवाइकांकडे आणून ठेवलेलं बरं.

पुढे बेळगाव आणि बागलकोट जिल्ह्यांत आशाताईंच्या आणि नर्सबाईंच्या हाती रक्तदाबाचं यंत्र आणि मोबाईल देऊन गरोदरपणात रक्तदाब वाढून येणारे झटके टाळण्याचा प्रयोग झाला. एकूण निकालात फरक दिसला नाही. मात्र पाकिस्तान आणि मोझांबिकमधल्या अशाच प्रयोगांसह सगळी माहिती एकत्र पाहिल्यावर, ज्यांच्याकडे आठ किंवा जास्त भेटी झाल्या त्यांच्यात मृत बाळं जन्मण्याचं प्रमाण कमी होतं. मला यात महत्त्वाच्या वाटतात त्या भेटीच. आठ वेळा एकेक उंबरा चढायचा तर आशाताईला पुरेसा पगार हवा. जानेवारी २०२५ मध्ये कर्नाटकातल्या आशाताई बेंगळुरूत ठाण मांडून बसल्या, तेव्हा त्यांची मागणी महिना १५ हजारांची होती. सरकारने १० हजारांची हमी मान्य केली.