जॅकमध्ये माणसं राहिली, जिलमध्ये का नाही?

इंग्लंडच्या दक्षिणेला, ससेक्समधल्या क्लेटन गावामागच्या टेकडीवर दोन जुन्या पवनचक्क्या शेजारी शेजारी उभ्या आहेत. विटांचा, डांबर फासलेला तो जॅक. लाकडी, पांढरी ती जिल. (नावं कुठून आली हे बालवाडीत गेलेल्या कुणाला सांगायला नको.) दोघांनी गहू दळला आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच दोघांची पाती थांबली. पुढे माणसं राहायला गेली ती जॅकमध्ये. जिलमध्ये का नाही, याचं उत्तर माझ्या मते एकाच प्रश्नात दडलंय: वारा फिरला की चक्कीचं नेमकं काय फिरतं?

जिल 1821 सालची. तिची लाकडी खोली, आतली दगडी जाती, दातेरी चाकं, पाती आणि दळणारा माणूस, सगळं एका जाड उभ्या खांबावर तोललेलं असतं. वाऱ्याने दिशा बदलली की ही अख्खी खोली खांबाभोवती वळते. म्हणजे सकाळी खिडकीतून पूर्व दिसली तर संध्याकाळी त्याच खिडकीतून दक्षिण. आता इथे नळ कुठून आणायचा, मोरीचं पाणी कुठे सोडायचं? मुळात ही इमारत नव्हेच, यंत्र आहे. म्हणूनच तर मूळची ब्रायटनची जिल 1852 मध्ये बैलघोडे जुंपून या टेकडीवर आणता आली.

जॅक 1866 चा, पाच मजली. इथे फिरते ती फक्त डोक्यावरची टोपी, म्हणजे पाती आणि त्यांचा आस पेलणारं छप्पर. खालचा मनोरा जागचा हलत नाही. टोपी वळवायला माणूसही लागत नाही, कारण तिच्या मागच्या बाजूला एक छोटा पंखा मोठ्या पात्यांना काटकोनात बसवलेला असतो. पाती वाऱ्याला सरळ सामोरी असली की तो गप्प. वारा जरा कलला की तो फिरू लागतो आणि दातेरी चाकांमधून टोपी हळूहळू वळवतो. ती पुन्हा वाऱ्यासमोर आली की आपोआप थांबतो. ही युक्ती एडमंड लीची, 1745 च्या पेटंटची. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावरच्या आजच्या पवनचक्क्याही डोकंच वळवतात. पंख्याचं काम तिथे सेन्सर आणि मोटर करतात, एवढाच फरक.

मनोरा स्थिर, म्हणजे पक्का जिना आला, नळ आला, शेगडी आली. जात्याची एकेक तळी टनाच्या आसपास भरते, त्यामुळे अशा चक्क्यांच्या तुळया माणसांचा संसार सहज पेलतात. अडचण येते ती भिंतींची. त्या गोल तर असतातच, शिवाय वर जाताना आत कलत जातात. गोदरेजचं कपाट भिंतीला टेकवा, मागे फट राहतेच. आणि प्रत्येक मजल्यावर खोली आणखी लहान. कललेल्या भिंतीवर पाऊस नुसता निथळत नाही, चांगला झोडपतो, आणि विटांतून ओल आत उतरते. बाहेरून डांबर फासतात ते यासाठी, शोभेसाठी नव्हे.

गोल्फचे समालोचक हेन्री लाँगहर्स्ट 1953 पासून 1978 मध्ये मरेपर्यंत इथे राहिले. गंमत म्हणजे, 1960 च्या दशकात त्यांनी चक्कीशेजारीच एक आधुनिक घर बांधून घेतलं.

जिल यंत्र होती ती यंत्रच राहिली. स्वयंसेवकांनी दुरुस्त केल्यावर 1986 मध्ये तिने पुन्हा पीठ दळलं. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरच्या वादळात, ब्रेक लावलेला असतानाही, तिची पाती फिरू लागली. ब्रेक घासून इतका तापला की लाकडाने पेट घेतला. काही स्वयंसेवक त्या वादळातच टेकडीवर पोचले, म्हणून ती वाचली. आता उन्हाळ्यातल्या रविवारी ती बघायला खुली असते. चांगला वारा असला तर दळणही चालतं.