समुद्र नसलेल्या शहरात समुद्राची नोंद

एम.एस्सी.ला असताना समुद्री जिवाणू शोधण्यासाठी गुहागरच्या किनाऱ्यावरची सॅम्पल्स आमच्याकडे रात्रीच्या एसटीने यायची. पहाटे स्वारगेटला थर्माकोलचा खोका उतरवून घ्यायचा आणि बर्फाचं पुरतं पाणी होण्याआधी लॅब गाठायची. आठवडाभरात प्लेटवर टाचणीच्या डोक्याएवढ्या कॉलनी, म्हणजे जिवाणूंच्या वसाहतींचे ठिपके, दिसू लागत. बहुतेक मळकट पांढऱ्या, एखादीच गडद नारिंगी. नारिंगी दिसली की आम्ही म्हणायचो, ही नवीन. सर म्हणायचे, "तुम्हाला नवीन असेल!"

नवीन कुणाला आणि कशावरून, याचं उत्तर गेल्या अडीचशे वर्षांत बऱ्याचदा बदललं आहे. आधी एक खुलासा: आपल्या विश्वकोशात 'स्पीशीज'ला जाती म्हणतात आणि वर्तमानपत्रांत प्रजाती. इथे वर्तमानपत्री शब्द वापरतो.

सुरुवातीला सगळी भिस्त डोळ्यांवर होती. डेन्मार्कच्या म्युलर यांनी 1773 मध्ये वळवळणाऱ्या सूक्ष्म जिवांना 'व्हिब्रिओ' म्हटलं, आणि त्या गोतावळ्यात चक्क व्हिनेगरमधले कृमीही जाऊन बसले. समुद्री जिवाणूंकडे वेगळं लक्ष गेलं त्यात उजेडाचा मोठा वाटा होता. शिळ्या मासळीवर अंधारात निळसर-हिरवा प्रकाश दिसतो. तो देणाऱ्या जिवाणूंना नेदरलँड्सच्या बायरिंक यांनी 1889 मध्ये 'फोटोबॅक्टेरियम' हा वंश (जवळच्या प्रजातींचा गट) दिला. (कोकणात रात्री लाटा चमकतात तो प्रताप बहुधा नॉक्टिल्युका या एकपेशीय जिवाचा, जिवाणूंचा नव्हे.) त्याच वर्षी बर्नहार्ड फिशर जर्मनीच्या प्लँक्टन मोहिमेवर निघाले आणि 1894 मध्ये त्यांनी समुद्रातल्या जिवाणूंवर ग्रंथ लिहिला.

आमच्या पिढीला यातलं ओळखीचं नाव म्हणजे क्लॉड झोबेल. कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेच्या या माणसाने 1941 मध्ये समुद्री जिवाणू वाढवायची एक साधी पाककृती दिली: थोडं पेप्टोन, किंचित लोह आणि समुद्राचं पाणी. तिच्या तयार पावडरीची 'झोबेल मरीन अगार 2216' ही बाटली पुण्यातल्या लॅबच्या कपाटातही असते (अगार म्हणजे प्लेटमधली जेली). खारटपणा पावडरीतच असल्याने नळाचं पाणी डिस्टिल करून घेतलं की भागतं.

पण या प्लेटवर उगवतं ते म्हणजे समुद्र नव्हे. चमकणारा रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली मोजलं, तर मिलिलिटरभर समुद्रपाण्यात दहा लाखांच्या घरात पेशी भरतात. प्लेटवर त्यातल्या हजारात एकही धड उगवत नाही. मग उरलेले कोण? 1977 मध्ये कार्ल वूझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी रायबोसोममधल्या (पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेतल्या) आरएनएच्या क्रमावरून जीवसृष्टीची फेरमांडणी केली आणि जिवाणू न वाढवताच ओळखायची वाट मोकळी झाली. स्टीफन जिओव्हानोनी यांच्या गटाने 1990 मध्ये सारगासो समुद्राच्या पाण्यात असाच एक अनोळखी क्रम पकडला. त्याला नाव नव्हतं, नुसता क्रमांक होता: सार-11. तो प्लेटवर का येत नव्हता, हे 2002 मध्ये कळलं. त्याला खाऊ घालायचं नव्हतं, जवळजवळ उपाशी ठेवायचं होतं. निव्वळ समुद्रपाण्यात वाढवलेल्या त्या इवल्या जिवाचं नाव पेलागिबॅक्टर. पृथ्वीवर संख्येने सर्वाधिक असलेल्या जिवांत त्याची गणना होते.

इकडे 1980 उजाडेपर्यंत जिवाणूंच्या नावांचा नुसता बाजार भरला होता. एकाच जिवाणूला चार नावं, आणि काही नावांमागचा जीव कुणाकडेच शिल्लक नाही. 1 जानेवारी 1980 रोजी मान्य नावांची यादी लागू झाली. तीत अडीच हजारांच्या आसपास नावं उरली, बाकी हजारो बाद. एवढी निर्दय झाडलोट वनस्पती किंवा प्राण्यांच्या नावांच्या वाट्याला कधी आली नाही. मला तरी ती फार शहाणपणाची वाटते. पुढचे निकष आकड्यांचे. 1987 मध्ये ठरलं की दोन जिवाणूंचे डीएनए एकमेकांशी 70 टक्के किंवा अधिक जुळले तर प्रजाती एक. 1994 मध्ये सोपी चाळणी आली: 16एस (त्याच रायबोसोमच्या आरएनएचं) जनुक 97 टक्क्यांपेक्षा कमी जुळलं तर प्रजाती वेगळी. 2006 मध्ये ती रेघ 98.7 च्या आसपास सरकली. आता पूर्ण जीनोम, म्हणजे जिवाणूचा सगळा डीएनए, ताडतात आणि 95-96 टक्क्यांवर सीमा आखतात.

पुणे या गोष्टीत येतं ते साठवणीमुळे. 2001 पासून नव्या प्रजातीचा नमुना-वाण (जिच्यावरून नाव ठरलं ती मूळ जिवाणू-पैदास) दोन वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहांत जिवंत ठेवल्याशिवाय नाव मान्य होत नाही. पाषाण रस्त्यावर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतला औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह 1951 पासून आहेच. 2009 मध्ये राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्राने डॉ. योगेश शौचे यांच्या नेतृत्वाखाली दुसरा, खूपच मोठा संग्रह उभारला. पुढे त्याचंच राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र झालं. आपल्या 2002 च्या जैवविविधता कायद्याने देशातले वाण बाहेर पाठवण्यावर बंधनं आली, तर नामकरणाचे नियम म्हणतात की वाण कुणालाही विनाअट मिळायला हवा. भारतीय संशोधकांना या दोन्हींचा मेळ घालत बसावं लागलं.

हाच खटाटोप हवेतल्या जिवांसाठीही झाला. इस्रोने 2005 मध्ये हैदराबादहून सोडलेल्या फुग्याने 20 ते 41 किलोमीटर उंचीवरची हवा आणली. हैदराबाद आणि पुण्यात ती तपासली गेली आणि 2009 मध्ये तीन नव्या प्रजाती जाहीर झाल्या. त्यातली एक बॅसिलस आर्यभट्टाई. 2020 मध्ये बॅसिलस वंशाची वाटणी झाली आणि ती प्रिस्टियाच्या घरात गेली.

आमची नारिंगी कॉलनी? 2004 मध्ये तिचं 16एस तपासून घेतलं. सर्वांत जवळच्या ज्ञात प्रजातीशी 97.9 टक्के जुळलं. त्या वेळच्या रेघेच्या जेमतेम वर, म्हणजे डीएनए जुळवून पाहणं आलं. ते कुठे होतं, किती पैसे लागतात, याच्या चौकशीत उन्हाळ्याची सुट्टी लागली. लोडशेडिंगच्या त्या दिवसांत कॉलेजचा फ्रिज कितीदा बंद पडला कोण जाणे. जूनमध्ये स्लँट (कॉलनी जपून ठेवलेली अगारची काचनळी) काढली तेव्हा अगार आक्रसून काचेपासून सुटलं होतं. दोन वर्षांनी रेघ सरकली आणि आमचे 97.9 टक्के नव्या प्रजातीच्या बाजूला आले. 2022 पासून सीक्वकोड या वेगळ्या नियमावलीत जिवंत वाणाऐवजी जीनोमच्या क्रमावरही नाव देता येतं, पण त्याला अख्खा जीनोम लागतो. माझ्या फायलीत आहे ती फक्त 16एसची एका पानाची प्रिंट.