मिशिगनचं पाणी: कोल्ड शॉक वेगळा, हायपोथर्मिया वेगळा

मेमोरियल डेच्या सुट्टीला, म्हणजे मे महिन्याच्या शेवटी, शिकागोचे बीच पोहायला खुले होतात. एखाद्या वर्षी पारा तिशीला टेकतो आणि मॉन्ट्रोज बीचवर पाय ठेवायला जागा उरत नाही. पण त्या दिवशी लेक मिशिगनचं पाणी असतं साधारण १० ते १३ अंश सेल्सिअस. स्पर्धेच्या तरणतलावात ते २५ ते २८ ठेवतात, यावरून काय ते समजा.

अशा वेळी कोणीतरी जाणतं माणूस हमखास सांगतं, "जा, पण फार वेळ थांबू नका, गारठाल." सल्ला प्रेमाचा आणि खराही, पण तो हायपोथर्मियाचा, म्हणजे शरीर आतून गार पडण्याचा आहे. मे-जूनमध्ये काठावरून उडी मारणाऱ्याला आधी गाठतो तो कोल्ड शॉक, म्हणजे गार पाण्याचा पहिला धक्का, आणि त्याला "फार वेळ" लागतच नाही. थंड पाणी म्हटलं की दोन्ही एकाच पोत्यात घातले जातात, तिथेच घोळ होतो.

कोल्ड शॉक हा कातडीचा मामला आहे. शरीर आतून अजून ३७ अंशांवर ठणठणीत असतं. पण गार पाणी अंगभर एकदम लागलं की कातडीखालच्या नसा मेंदूला इतका मोठा इशारा देतात की छाती आपोआप श्वास आत ओढते. हा श्वास ठरवून रोखता येत नाही. त्या क्षणी डोकं पाण्याखाली असेल तर हवेऐवजी पाणीच आत जातं. डोकं वर असलं तरी पुढे धाप लागते, श्वास लहान आणि भराभर होतात, नाडी उडते, रक्तदाब चढतो. हृदयाचा जुना त्रास असलेल्याला तेवढंही महागात पडू शकतं. पहिल्या अर्ध्या मिनिटात जोर सर्वांत जास्त, मग दोन-तीन मिनिटांत ओसरतो. आणि हा धक्का बसायला पाणी बर्फासारखं असावं लागत नाही. १० ते १५ अंशांतच तो जवळपास पूर्ण ताकदीने बसतो. म्हणजे नेमकं मे अखेरचं मिशिगन.

हायपोथर्मिया म्हणजे शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली जाणं. पाणी हवेच्या जवळपास पंचवीसपट वेगाने उष्णता ओढतं हे खरं, तरी चांगल्या अंगाच्या प्रौढ माणसाला तिथवर पोचायला बर्फाळ पाण्यातही साधारण अर्धा तास लागतो. लहान मुलं मात्र लवकर गारठतात. आधी हुडहुडी, मग बोटं ऐकेनाशी होणं, बोलणं जड, उत्तरं भलतीच. पुढे कापरं थांबतं. घरच्यांना वाटतं, चला, बरं वाटायला लागलं. खरं तर ते सगळ्यात वाईट लक्षण.

दोन्हींच्या मध्ये एक तिसरा टप्पा आहे, त्याला नावही फारसं कोणी देत नाही. हातापायांचे स्नायू गार पडतात आणि पट्टीचा पोहणाराही हात मारू शकत नाही. मॅनिटोबा विद्यापीठातले गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी गोठायला आलेल्या पाण्यासाठी हा सगळा क्रम १-१०-१ असा बांधून दिला आहे: श्वास ताब्यात यायला १ मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती १० मिनिटं, आणि शुद्ध हरपायला सुमारे १ तास. लोक भितात त्या शेवटच्या आकड्याला. लाइफ जॅकेट नसेल तर बहुतेकांची गाठ आधीच्या दोन आकड्यांशीच पडते.

आता तळ्याचं वर्ष बघा. सरासरी खोली ८५ मीटर, सर्वांत खोल जागी २८१. एवढं पाणी तापायलाही महिने लागतात आणि निवायलाही. फेब्रुवारीत ते शून्याच्या जरा वर असतं, मे अखेर दहा-बारा, ऑगस्टमध्ये वरचा थर एकवीस ते चोवीस. सप्टेंबरातही बऱ्याचदा अठराच्या पुढे, म्हणजे ऊन उतरलेल्या सप्टेंबरातलं पाणी कडक उन्हाच्या जूनपेक्षा ऊबदार. मला विचाराल तर मिशिगनमध्ये पोहायचा खरा महिना ऑगस्ट, आणि त्यानंतर सप्टेंबरचा पहिला पंधरवडा, जून नव्हे. फक्त लेबर डेनंतर, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारनंतर, शिकागोच्या बीचवर जीवरक्षक नसतात. ऑक्टोबरात हवाच गार असल्याने कोणी सहज उडी मारत नाही. वसंतात मात्र हवा एक सांगते आणि पाणी दुसरंच, म्हणून कोल्ड शॉकचा हंगाम तो.

ऑगस्टमध्येही एक खोच आहे. ऊबदार थर वरवरचा असतो. एक-दोन दिवस दक्षिणेकडून-पश्चिमेकडून नेटाचा वारा सुटला की तो थर पलीकडच्या किनाऱ्याकडे सरकतो आणि शिकागोच्या काठाला खालचं गार पाणी वर येतं. काल बावीस असलेलं पाणी आज बारा-तेरा निघू शकतं, आणि आकाश तसंच निळंशार. त्यामुळे निघताना हवामानाचं ॲप बघून भागत नाही, त्या दिवशीचं पाण्याचं तापमान वेगळं बघावं लागतं.

आपल्याकडच्या पोहणाऱ्यांना एक सांगायला हवं. पाठीला भोपळा बांधून विहिरीत शिकलेल्या माणसाला वाटतं, गार पाण्याची आपल्याला सवय आहे. पण महाराष्ट्रातल्या विहिरीचं पाणी वर्षभर पंचविशीच्या आसपास असतं. वैशाखात ते गार लागतं ते बाहेरच्या चाळिसामुळे. अशा विहिरीत मुटका मारून मिळवलेला आत्मविश्वास १२ अंशांच्या पाण्यात मुटका मारायला लावतो, आणि डोकं पाण्याखाली असतानाच तो श्वास ओढला जातो.

सवय होते, नाही असं नाही. पाच-सहा वेळा दोन-दोन, तीन-तीन मिनिटं गार पाण्यात राहिलं तर कोल्ड शॉक निम्म्यावर येऊ शकतो. त्याने हायपोथर्मिया मात्र टळत नाही. हिवाळी पोहणारे सराईत लोक शांतपणे आत शिरतात, आणि हीच शांती त्यांना जास्त वेळ आत ठेवते.

उपायांतही फरक आहे. कोल्ड शॉकमध्ये पहिल्या मिनिटात पोहायची धडपड करायचीच नाही. पाठीवर तरंगा, तोंड वर ठेवा, श्वास ताब्यात येऊ द्या, मग काठाकडे वळा. त्याहून बरं म्हणजे उडी न मारता चालत, हळूहळू उतरणं. हायपोथर्मियात "थोडं थांबून बघू" चालत नाही. माणसाला अलगद बाहेर काढायचं, आडवं ठेवायचं, ओले कपडे उतरवून कोरड्यात गुंडाळायचं आणि ९११ ला (अमेरिकेतला तातडीच्या मदतीचा नंबर) फोन करायचा. बाहेर आल्यावरही काही वेळ आतलं तापमान उतरतच राहतं, तेव्हा लगेच उठवून चालवू नका. आणि आजीचा हात सुंठीच्या डबीकडे किंवा काकांचा ब्रँडीकडे गेलाच, तर दोघांनाही थांबवा. हातपाय चोळायचे नाहीत, दारू द्यायची नाही. ऊब द्यायची ती छातीला आणि काखेत.